कोर्बोतच्या उत्तरेकडच्या ओळी

व्होशिन्यी गावात नव्या माणसाला नाव शेवटी विचारतात. आधी विचारतात, वाटेच्या वरचा की खालचा. वाट म्हणजे टेकडीच्या पोटावरून गेलेला, जेमतेम एका घोडागाडीपुरता रस्ता. खाली जमीन जड, चिकण, पाणी धरून बसणारी. तिथल्या द्राक्षांची वाइन गडद आणि अघळपघळ, पहिल्या घोटातच सगळं सांगून मोकळी होणारी. वर हातभर माती आणि तिच्याखाली तडकलेला चुनखडीचा खडक. तिथे वेलाला पाण्यासाठी फटीफटीतून मुळं घुसवावी लागतात आणि त्या कष्टातलं काहीतरी वाइनमध्ये उतरतं. सकाळचं ऊन आधी वरच्यांना मिळतं, एप्रिलमधलं कोंब जाळणारं दंव खालच्यांच्या वाट्याला येतं. वरच्यांच्या मुली खाली दिल्या जात नाहीत असं नाही. दिल्या जातात, पण त्याबद्दल बोलताना लोक आवाज जरा खाली आणतात.

ब्लांदीन व्होशेरे वरची होती. कोर्बोत नावाच्या उताराच्या अगदी उत्तर टोकाला, जिथे खिंडीतून गार वारा येतो, तिथे तिचा मळा. वय साठीला आलेलं. नवरा दिझाँ शहरात ट्रॅक्टरचे सुटे भाग विकायला म्हणून गेला तो सुट्या भागांतच रमला. मळा वडिलांचा होता, त्यामुळे त्याच्या जाण्याने वाइनमध्ये काही फरक पडला नाही.

कोर्बोतच्या सगळ्याच वाइन नावाजलेल्या. ब्लांदीनची मात्र लोक वेगळी काढून बोलत. शेजाऱ्यांच्या वाइनला चेरीचा वास यायचा. हिच्या वाइनला चेरी तर होतीच, पण चेरीच्या मागे कोणीतरी उभं असल्यासारखं काहीतरी होतं. ओल्या लोखंडासारखं, बंद पडलेल्या विहिरीसारखं. पॅरिसच्या एका जाणकाराने छापलं होतं की या वाइनमध्ये खडक बोलतो. ते कात्रण ब्लांदीनने चौकटीत घालून भिंतीवर लावलं होतं, आणि त्याच्यासमोरून जाताना दर वेळी ती नजर दुसरीकडे वळवायची.

कारण उत्तरेकडच्या त्या शेवटच्या ओळींखाली खडक नव्हताच.

हे तिला वडिलांनी सांगितलं होतं. ती तेव्हा विशीत होती, दोघं छाटणी करत होते आणि वडिलांची तिच्याकडे पाठ होती. व्होशेरे घराण्यातली सगळी महत्त्वाची बोलणी पाठमोरी होत.

"इथला खडक तुझ्या आजोबांनी विकला," वडील म्हणाले. "चर्चच्या पायऱ्या, नगरसभेची कमान, ब्रुशोंचं अख्खं घर. सगळं या खड्ड्यातून गेलं."

"कुठल्या खड्ड्यातून?"

"तू उभी आहेस त्या."

खाण संपल्यावर आजोबांनी खड्डा भरला. काय मिळेल त्याने भरला. धोब्यांच्या तळ्यातला गाळ, वाटेखालची चिकणमाती, पाडलेल्या शाळेची कौलं, आणि गावाने त्या निमित्ताने आणून टाकलेलं बाकीचं सगळं. वर हातभर माती पसरली, वेल लावले आणि गप्प बसले. पुढे सरकारी माणसं हातात ग्लास घेऊन टेकडीवर कुठली जमीन कुठल्या प्रतीची हे ठरवत फिरली, तेव्हा वेल चांगले वाढले होते आणि आजोबांनी ग्लास चांगले भरले होते. उतार पहिल्या प्रतीत गेला.

"पुन्हा विचारू नकोस," वडील म्हणाले.

"मी विचारलं कुठे?"

"मग बरं झालं."

तेव्हापासून ती भीत होती. या गावात शेजारच्या मळ्यातली बादलीभर माती आपल्या मळ्यात टाकणं हा गुन्हा आहे. मोठा पाऊस झाला की प्रत्येकजण आपली वाहून गेलेली माती उतारावरून खोऱ्याने भरून परत वर नेतो, आणि शेजारी कुंपणाला टेकून बघतो की आपली तर गेली नाही ना. अशा गावात ब्लांदीनच्या मळ्याचं एक टोक म्हणजे उकिरडा होता. नांगराचा फाळ तिथे कशालाही लागला की तिला घाम फुटायचा. शेवटी तिने त्या ओळींमध्ये गवत पेरलं आणि नांगर बंद केला. एका मासिकाने याला जैवविविधतेचा आदर्श म्हटलं आणि ती गवतात उभी आहे असा फोटो छापला. फोटोत ती हसत नव्हती. मासिकाला तो तिचा विनय वाटला.

ऑगस्टमध्ये गावाने अर्ज केला की कोर्बोतचा उतार पहिल्या प्रतीतून थोरल्या प्रतीत घ्यावा. थोरली प्रत म्हणजे सगळ्यांत वरची, अशी की वाइनवर गावाचं नाव लागत नाही, नुसतं उताराचं लागतं. बघणाऱ्याला कळलं नाही तर तो त्याचा कमीपणा. अर्जात लिहिलं होतं की जुन्या मठातल्या ख्रिस्ती भिक्षूंनी पहिला वेल लावला त्या दिवसापासून कोर्बोतच्या मातीला परका हात लागलेला नाही. वाक्य ब्लांदीनसमोर मोठ्याने वाचलं गेलं आणि तिने सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. मग कोणीतरी म्हणालं की खात्रीसाठी जागोजाग खड्डे खणून मातीचे थर तपासले जातील, आणि टाळ्या वाजवणारे तिचे हात तसेच हवेत राहिले.

त्या वर्षीच्या तोडणीत तिने जन्मात केलं नव्हतं ते केलं. उत्तरेकडच्या ओळींची द्राक्षं वेगळी तोडली, वेगळी आंबवली, वेगळ्या पिंपात भरली आणि पिंप तळघराच्या मागच्या भिंतीशी ढकललं. हिशोब सरळ होता. उकिरडा सापडलाच, तर म्हणता येईल की घ्या तो कापून, उरलेला मळा अस्सल खडकावरचा आहे आणि ही बघा त्याची निर्मळ वाइन.

जानेवारीत तिने ती निर्मळ वाइन चाखली. मग खुर्चीवर बसली. मग पुन्हा चाखली.

वाइन सुरेख होती. सडपातळ, स्वच्छ, चेरीचा वास, शेवटी जरा मीठ. तिच्यात वाईट काहीच नव्हतं. फक्त चेरीच्या मागे कोणी उभं नव्हतं. इतकी वर्षं तिला वाटत आलं होतं की त्या ओळींमुळे आपली वाइन बाटते आणि खडक बिचारा सांभाळून घेतो. आता कळलं की बोलत होता तो खडक नव्हता. पहिली भीती होती लोकांना कळेल याची. ही दुसरी निराळी होती, आणि तिच्यापासून लपायला तळघर उपयोगाचं नव्हतं, कारण ती तळघरातच होती.

खड्ड्यांच्या जागा ठरवायची बैठक फेब्रुवारीत नगरसभेत झाली. मृदा कार्यालयाने नोल्वेन नावाची तरुण बाई पाठवली होती. ती ब्रिटनीची, म्हणजे जिथे वेल नाहीत आणि पाऊस आहे तिथली, आणि तिच्या बुटांना आधीच चिखल होता. अध्यक्ष होते फिलिबेर देशां. ते बागायतदार संघाचे अध्यक्ष इतकी वर्षं होते की घरी बायकोही त्यांना अध्यक्ष म्हणायची.

फिलिबेरनी नकाशावर बोट ठेवलंच होतं, तेवढ्यात मागून लाझार ब्रुशों उठला. लाझार म्हणजे ब्लांदीनच्या मळ्याला लागून असलेला मळा. तो ट्रॅक्टर वळवायला तिच्या बांधावर येतो म्हणून तिने एकदा तिथे धोंडा टाकला होता. लाझारने धोंड्याला रंग देऊन त्यावर तिचं नाव लिहिलं होतं.

"उत्तरेला खणा!" लाझार ओरडला. "अगदी टोकाला! ब्लांदीनच्या शेवटच्या ओळींत! मधोमध खणून काय कळणार? मधोमध सगळेच सज्जन असतात!"

ब्लांदीनला वाटलं, याला कळलंय. धोंड्याचा सूड घेतोय.

तिला एकाच गोष्टीचा आधार होता. लाझारने पूर्व म्हटलं की फिलिबेरनी पश्चिम म्हणायचं, ही व्होशिन्यीची कार्यपद्धती होती. लाझारने चर्चची घंटा दुरुस्त करायला विरोध केला म्हणून ती दुरुस्त झाली. त्याने पाण्याच्या नव्या टाकीला पाठिंबा दिला म्हणून गावाला टाकी नाही. आत्ताही फिलिबेरनी त्याच्याकडे न बघता श्वास घेतला आणि म्हणाले, "माझ्या मते, मधोमध..."

"नाही, त्यांचं बरोबर आहे," नोल्वेन म्हणाली. "टोकालाच खरी माहिती मिळते. तिथेच खणू."

लाझारचं ऐकलं जाणं ही तिथल्या कोणाच्याही आठवणीतली पहिलीच वेळ होती. लाझार खाली बसला तो ब्लांदीनला जरा पांढराफटक दिसला. आनंदाने असेल, असं तिला वाटलं.

"तिथे गवत आहे," ब्लांदीन म्हणाली. तिला तिचाच आवाज दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटला. "जैवविविधता आहे. मुंग्या आहेत."

"मुंग्यांना सांभाळून खणू, मादाम," नोल्वेन म्हणाली आणि नकाशावर पिवळी टाचणी टोचली.

त्यानंतरचे दिवस ब्लांदीनने छाटणीत काढले. छाटलेल्या काड्या पत्र्याच्या हातगाड्यांत जाळायची तिथली पद्धत आहे. टेकडीभर धुराच्या उभ्या रेघा दिसतात. प्रत्येक रेघेखाली एक माणूस असतो आणि तो माणूस आपल्याकडेच बघतोय असं तिला वाटायचं. बेकरीत पाव घेताना बाई म्हणाली, "मग, तुमच्याकडे खणणार म्हणे," आणि ब्लांदीन सुटे पैसे तिथेच विसरून आली. भूक गेली. रात्री डोळा लागला की आजोबा यायचे. काही बोलायचे नाहीत, नुसते घोडागाडी उलटी करून रिकामी करायचे.

खणायच्या सकाळी टेकडीवर धुकं होतं आणि अख्खा उतार आपापल्या निमित्ताने तिच्या मळ्यात जमला होता. कोणाला तारा तपासायच्या होत्या, कोणाची कात्री हरवली होती. लाझार अजमोद्याच्या थरातलं थंड हॅम आणि बाटली घेऊन आला होता, जशी काही सहल. त्याने तिच्यापुढे तुकडा धरला.

"खा. काल जेवलेली दिसत नाहीस."

"तू दिलेलं? मी त्यापेक्षा कात्री खाईन."

"तीही हरवली म्हणतात कोणाची तरी," लाझार म्हणाला. पण त्याला नेहमीसारखी मजा येत नव्हती. तो सारखा खणायच्या मशीनच्या बकेटकडे बघत होता.

मशीनने गवताची साल काढली. मग तपकिरी माती, भुसभुशीत, खड्यांनी भरलेली. नोल्वेन कडेला गुडघ्यांवर बसून कौतुक करत होती, रंग बघा, मुळं बघा किती बारीक. क्षणभर ब्लांदीनला वाटलं, वडिलांनी चुकीची ओळ सांगितली असेल. म्हातारा माणूस होता, पाठमोरा होता, खड्डा कदाचित भलतीकडेच असेल. बकेट पुन्हा खाली गेली.

खडकाला लोखंड लागलं की ठक् असा आवाज येतो. टेकडीवरच्या प्रत्येकाच्या हाडात तो बसलेला असतो. हा आवाज बशी फुटल्यासारखा आला, कारण ती बशीच होती.

त्यानंतर सगळं आलं. लाल कौलांचे तुकडे, ढीगभर. काळा, तळ्याच्या वासाचा गाळ. शाळेच्या बाकांतल्या चिनीमातीच्या दौती. एक बूट. आणि शेवटी, बकेटच्या दाताला कानाने लटकलेलं, निळ्या फुलांचं, पलंगाखाली ठेवायचं मुतायचं भांडं. मशीनवाल्याने ते अदबीने कडेवर ठेवलं. काड्यांच्या धुरात ते सगळ्यांच्या मधोमध बसलं.

"अरे वा!" नोल्वेन खड्ड्यात उतरत म्हणाली. "ही भरलेली खाण आहे!"

ब्लांदीनने डोळे मिटले. आता आरडाओरडा होईल, चोर म्हणतील, आजोबांचं नाव निघेल, पॅरिसचा तो माणूस कात्रण परत मागेल. पण काहीच झालं नाही. तिने डोळे उघडले आणि एकेक चेहरा बघत गेली. कोणालाही आश्चर्य वाटलं नव्हतं. फिलिबेर आकाश बघत होते. कात्री हरवलेल्याने ती खिशातून काढून पुन्हा खिशात घातली. लग्नात कोणी पेला पाडला की लोक जसे दुसरीकडे बघतात, तसे सगळे दुसरीकडे बघत होते.

"ते भांडं आमचं," लाझार शेवटी म्हणाला. "निळी फुलं पणजीच्या माहेरची."

"तुला माहीत होतं," ब्लांदीन म्हणाली.

"अगं, खड्डा भरला कोणी? गाडी तुमची, पण घोडा आमचा. आमचे आजोबा मरेपर्यंत सांगायचे, व्होशेरेने घोड्याचं भाडं दिलं नाही."

"आणि तुम्हाला?" ती बाकीच्यांकडे वळली.

"तसं... कानावर होतं," फिलिबेर म्हणाले.

"सगळ्यांना?"

"पाद्रीबाबांना नव्हतं," मागून कोणीतरी म्हणालं. "ते नवीन आहेत."

"मग इतकी वर्षं मला कोणी बोललं का नाही?"

"आम्हाला वाटलं तुला माहीत नाही," लाझार म्हणाला. "म्हटलं, कशाला उगाच तिच्या जिवाला घोर."

ब्लांदीनला हसावं की बसावं ते कळेना. ती बसली, ओल्या मातीच्या ढिगावर. विशीपासून उराशी धरलेली भीती अख्ख्या गावाने हातोहात धरलेली होती, तिला लागू नये म्हणून.

"आणि तरी तू ओरडलास! उत्तरेला खणा म्हणून घसा फोडलास!"

"ओरडणारच! मी उत्तर म्हटलं की हा दक्षिण म्हणतो, आयुष्यभर म्हणत आलाय." लाझारने फिलिबेरकडे बोट केलं. "तुला वाचवायलाच ओरडलो, मूर्ख बाई! मला काय ठाऊक की ही पोरगी माझं ऐकेल? माझं कोणी ऐकतं का? माझा कुत्रासुद्धा आधी बायकोला विचारतो."

"मी मधोमध म्हणणारच होतो," फिलिबेर दुखावून म्हणाले.

मग ते खड्ड्याच्या काठाशी गेले, वाकले आणि अध्यक्षांना शोभेल अशा आवाजात म्हणाले, "मादमोआझेल, समजा आपण हे मशीन चार पावलं इकडे घेतलं..."

"साहेब, मी दौतींमध्ये उभी आहे," नोल्वेन खालून म्हणाली. "आता मला खडकात उभं कसं करणार?"

दुपारपर्यंत तिने आणखी तीन ठिकाणी बघितलं. मग ती वर आली, बूट आपटले आणि सरळ सांगितलं. हा पट्टा बाहेरून आणून टाकलेली माती आहे, नैसर्गिक नाही, तो नकाशातून कापावा लागेल. शेजारच्यांचे तुकडे नीट आहेत. उरलेला व्होशेरे मळा तर फारच सुंदर आहे, असा तडकलेला चुनखडक तिने कुठे बघितला नाही. तो थोरल्या प्रतीत जायला काही अडचण दिसत नाही.

उतारावरच्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. कोणीतरी टाळी वाजवली. फिलिबेरनी ब्लांदीनचे दोन्ही गाल चुंबले. "पट्टा गेला, मळा राहिला! थोरली प्रत, ब्लांदीन! तुझ्या आजोबांना हे..." इथे ते थांबले, कारण आजोबांचं नाव घ्यायला तो क्षण बरा नव्हता.

जे घडू नये म्हणून ब्लांदीन जन्मभर भ्यायली, ते घडून गेलं होतं आणि त्याने तिचं काहीच बिघडवलं नव्हतं. आता उरली होती फक्त दुसरी भीती, जी मागच्या भिंतीशी पिंपात होती.

"या ओळींची वाइन कधी वेगळी काढली आहे का, मादाम?" नोल्वेनने विचारलं. "मला सहज कुतूहल."

नाही, असं म्हणायला फार काही लागत नव्हतं.

"यंदा काढलीय," ब्लांदीन म्हणाली.

तळघरात चौघंच उतरले. ब्लांदीन, नोल्वेन, फिलिबेर, आणि कोणीही न बोलावता लाझार. ब्लांदीनने काचेच्या नळीने पहिल्या पिंपातून वाइन काढली आणि सगळ्यांच्या ग्लासात घातली. कुठल्या पिंपात काय आहे ते ती बोलली नाही. 

नोल्वेन म्हणाली, "छान." फिलिबेर म्हणाले, "नाजूक. अतिशय नाजूक. भिक्षू यालाच..." आणि पुढचं त्यांना सुचलं नाही.

लाझारने घोट तोंडात घोळवला, नाक खुपसलं, पुन्हा घोळवला. तो ट्रॅक्टर वाईट चालवायचा, पण जन्मापासून कोर्बोत पीत आला होता. त्याने ग्लास खाली ठेवला आणि परक्याच्या घरी बोलावं तसं सभ्यपणे म्हणाला, "चांगली आहे. कोणाची?"

लाझारने ब्लांदीनकडे बघितलं आणि त्याला कळलं, आणि त्याचा मोठा लाल चेहरा हळूहळू उतरला.

"ब्लांदीन, मी तसं म्हणालो नाही."

"म्हणालास की."

तिने मागच्या भिंतीशी जाऊन दुसऱ्या पिंपातून काढली. ती काळपट होती, दाट, गाळाची आठवण देणारी. एकटी पिताना जीभ जड व्हायची. "ही रानडुकराबरोबर," फिलिबेर म्हणाले, "आणि रानडुक्कर मोठं हवं." मग ब्लांदीनने वर स्वयंपाकघरातून सुरई आणली, दोन्ही वाइन मळ्यात ज्या प्रमाणात होतात त्या अंदाजाने तिच्यात ओतल्या, ढवळल्या आणि पुन्हा वाढल्या.

या वेळी कोणी घोळवलं नाही. नोल्वेनने भुवया वर केल्या आणि ग्लासाकडे, मग सुरईकडे, मग छताकडे बघितलं, जणू वरून कोणी काही म्हणालं होतं. लाझारने ग्लास संपवला. चाखताना तो कधी संपवत नसे.

"ही तू," तो म्हणाला. "हे भांडंबिंडं सगळं धरून. ही तू."

"हे मिसळलं तर?" ब्लांदीनने नोल्वेनला विचारलं. उत्तर तिला पाठ होतं.

"मिसळलंत तर तुमच्या संपूर्ण मळ्याची वाइन नुसती गावची. थोरली नाही, पहिलीही नाही. वाटेखालच्यांसारखी. मी हे ठरवत नाही, मादाम, मी फक्त माती लिहिते."

"मिसळायचं कशाला?" फिलिबेर म्हणाले. "हे रानडुकराला, ते थोरल्या प्रतीत. लोक बाटलीवरचं वाचून पितात, ब्लांदीन. तुला काय वाटतं, पॅरिसचा तो माणूस दुसरं काही करतो?"

हाच तर तिचा घोर होता. तो वाचून पिईल. त्या सडपातळ, स्वच्छ, मागे कोणी नसलेल्या वाइनवर तिचं नाव आणि थोरली प्रत वाचेल, आणि छापेल की खडक बोलतो. दर वर्षी छापेल. आणि तिला दर वर्षी त्याच्यासमोर उभं राहून मान डोलवावी लागेल, आणि लाझार तळघरात येऊन सभ्यपणे चांगली आहे म्हणेल. आजवर तिने बाटलीवर खडक लिहून उकिरडा विकला होता, पण जे विकलं ते खरं होतं. आता बाटलीवरचं खरं होणार होतं आणि आतलं खोटं.

दुसऱ्या बाजूला वाटेखालची होणं होतं. गिऱ्हाईक जाईल. बेकरीतली बाई सुटे पैसे निराळ्या पद्धतीने देईल. वडिलांनी पाठमोरं राहून राखलेलं सगळं तिने तोंडावर सांगून घालवलं, असं होईल. तिने दोन्हीकडे बघितलं. धैर्य वगैरे तिला कुठेच सापडलं नाही. दोन भीती होत्या, त्यांतली एक अशी होती जिच्याबरोबर त्याच घरात राहून दाढेखाली अन्न चघळता येईल.

"मळ्याची तोडणी एकत्र होईल," ती म्हणाली. "नेहमीसारखी. टोकापासून टोकापर्यंत."

"वेड लागलंय तुला," फिलिबेर म्हणाले.

"असेल."

"नकाशातून मग संपूर्ण मळाच काढू?" नोल्वेनने हळू विचारलं.

ब्लांदीनने मान हलवून होकार दिला. तळघरात गारठा होता. लाझारने आपला कोट काढून तिच्या खांद्यावर टाकला. कोटाला डिझेलचा वास होता. तिने तो राहू दिला.

दुसऱ्या दिवशी मशीनवाला खड्डा बुजवायला आला. धुकं नव्हतं, ऊन स्वच्छ होतं, आणि आज कोणाची कात्री हरवली नव्हती. त्याने विचारलं, "बाई, आधी काय टाकू? कौलं की गाळ?"

"जसं होतं तसं. आधी काय होतं?"

"आता ढिगात सगळं एक झालंय."

ती ढिगाशी वाकली आणि हाताने कौलं एकीकडे, गाळ एकीकडे करायला लागली. नोल्वेन आपलं सामान गाडीत भरत होती. जाताना तिने ढिगातली एक अखंड दौत उचलली, रुमालाने पुसली.

"ही मी ठेवू का, मादाम? आठवण म्हणून. एवढीशी तर आहे."

"नको," ब्लांदीन म्हणाली. ती इतक्या घाईने उठली की गुडघा सरकला. "नको, कृपा करून. परत ठेवा."

"एका दौतीने काय होणार?"

"तेच तर मला माहीत नाही," ब्लांदीन म्हणाली. तिने दौत तिच्या हातातून काढून घेतली, खड्ड्याच्या कडेवर पालथी पडून जेवढा हात खाली पोचेल तेवढा पोचवला, आणि ती गाळात दाबली. मग मशीनवाल्याकडे वळून म्हणाली, "ते भांडंही. फुटू देऊ नका. आणि तो बूट कुठे गेला? बूट होता एक. बूट बघा."

बूट सापडेपर्यंत तिने मशीन सुरू करू दिलं नाही.